डिझेल घोटाळ्यातली गाडी दारात आहे : अपडेट करायची, ठेवायची की विकायची?

पोलो, व्हेंटो, रॅपिड, लॉरा, जुनी सुपर्ब, पसाट, जेटा, ऑडी ए४. यातली एखादी डिझेल गाडी २००८ ते नोव्हेंबर २०१५ या काळात बनलेली असेल, तर तिच्यात 'ईए १८९' मालिकेतलं इंजिन असण्याची दाट शक्यता आहे. प्रदूषण चाचणी कधी चालू आहे हे ओळखायला ज्याच्या कॉम्प्युटरला शिकवलं होतं, तेच हे इंजिन. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं फोक्सवॅगनला नोटीस काढली आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या संशयात आल्या. त्याच डिसेंबरात भारतातल्या ३,२३,७०० गाड्यांचं रिकॉल, म्हणजे गाडी परत बोलावून तिचं सॉफ्टवेअर अपडेट करून देणं, जाहीर झालं : फोक्सवॅगनच्या १,९८,५००, आणि त्याच समूहातल्या स्कोडाच्या ८८,७००, ऑडीच्या ३६,५००.

त्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्यात, पण रस्त्यावर भरपूर दिसतात आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जे घ्यायच्या विचारात आहेत, त्या दोघांसाठी हे लिहिलं आहे.

गाडी त्यातली आहे का?

आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ईमेलनं पाठवा आणि दोनच प्रश्न विचारा : ही गाडी ईए १८९ रिकॉलमध्ये येते का, आणि येत असेल तर काम झालंय का? फोनवर विचारू नका. 'हो सर, झालंय सर' याला पुढे काही किंमत राहत नाही.

घरच्या घरी बघायचं तर डिकीतला गालिचा उचला. स्टेपनीच्या खळग्यात किंवा आसपास एक पांढरा स्टिकर असतो. त्यावर चेसिस नंबर, मॉडेल, किलोवॅट आणि इंजिनाचा अक्षरी कोड छापलेला असतो. तोच स्टिकर सर्व्हिस बुकातही असतो. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. दोन्हींवरचा चेसिस नंबर जुळत नसेल, तर रिकॉलपेक्षा मोठी भानगड आहे असं समजा.

दोन ठिकाणी गफलत होते. एक, लोक नोंदणीची तारीख बघतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेली गाडी फेब्रुवारी २०१६ मध्ये पासिंग झालेली असू शकते, म्हणून उत्पादनाचा महिना बघा. दुसरं, २०१३ च्या शेवटी आलेल्या नव्या ऑक्टाव्हियाच्या २ लिटर डिझेलमध्ये पुढच्या पिढीचं 'ईए २८८' इंजिन आहे. तिला या यादीत ओढू नका.

पीयूसीच्या भरवशावर राहू नका

गाडी पीयूसीला पास होते म्हणजे ती स्वच्छ, हा समज सगळ्यांत घट्ट बसलेला. डिझेलच्या पीयूसीत गाडी उभी करून रेस देतात आणि धूर किती दाट आहे तेवढंच मोजतात. बीएस ४ (भारत स्टेज ४, म्हणजे त्या काळचा उत्सर्जनाचा सरकारी निकष) गाडीसाठी धुराच्या दाटपणाची ती मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. घोटाळा झाला तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, म्हणजे नॉक्सचा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि पीयूसीचं यंत्र तो मोजतच नाही.

नॉक्स तयार होतो सिलिंडरमधल्या प्रचंड तापमानात. तो कमी करायला इंजिनातून निघालेल्या धुरातला काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत आत सोडतात. त्यामुळे आतला ऑक्सिजन कमी होतो, जळण जरा थंड होतं, नॉक्स घटतो. पण त्याच वेळी काजळी वाढते. नॉक्स दाबला की काजळी डोकं वर काढते आणि काजळी दाबली की नॉक्स. नंतर अ‍ॅडब्लू, म्हणजे धुरात युरियाचं द्रावण फवारून नॉक्स मोडणारी यंत्रणा आली, तिनं हा तिढा बराच सुटला. ज्या गाडीत ती नाही, तिथे ओढाताण ईजीआर आणि इंजेक्शनवरच राहते. म्हणून चाचणीत एक वागणं आणि रस्त्यावर दुसरं, ही पळवाट काढली गेली. स्टेअरिंग किती फिरतंय, वेग कसा बदलतोय, गाडी किती वेळ चालू आहे, यावरून कॉम्प्युटर ओळखायचा की आपण चाचणीच्या रोलरवर आहोत.

भारतीय गाड्या पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं तपासल्या तेव्हा रस्त्यावरचं उत्सर्जन बीएस ४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. बीएस ४ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस ६ ला ती ०.०८ आहे. रस्त्यावर मोजण्याचा नियम आपल्याकडे तेव्हा नव्हताच. तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. कंपनीनं नेमका याच मुद्द्याचा आधार घेतला.

भरपाई मिळेल का?

भारतात, सरळ सांगायचं तर, नाही. अमेरिकेत २ लिटरच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांना गाडी परत देऊन घोटाळ्याआधीचा बाजारभाव घ्यायचा किंवा दुरुस्ती करून घ्यायची, अशी निवड मिळाली, आणि वर बहुतेकांना ५,१०० ते १०,००० डॉलर. ते वाचून इथे अनेकांनी आशा धरली. राष्ट्रीय हरित लवादानं मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड लावला खरा, पण तो पर्यावरणाच्या हानीपोटी होता, मालकांसाठी नव्हता. शिवाय दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीवरची सक्तीची कारवाई थांबवली.

ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. मोटार वाहन कायद्यातलं सक्तीच्या रिकॉलचं कलम ११०अ लागू झालं एप्रिल २०२१ पासून, आणि त्याचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. २०१५ ची गाडी घेऊन कुणी 'केस करू, पैसे काढू' म्हणत फी मागत असेल, तर फी देऊ नका.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांचं गणित वेगळं. तिथे अपडेट सक्तीचं होतं. न करणाऱ्यांची गाडी रस्त्यावरून उतरवली गेली. तिथे २०२० च्या समझोत्यात मालकांना १,३५० ते ६,२५७ युरो मिळाले. ईए १८९ च्या मुदती आता जवळपास संपल्या आहेत, मात्र जून २०२३ च्या निकालानंतर इतर कंपन्यांच्या डिझेल गाड्यांवरही किमतीच्या ५ ते १५ टक्के नुकसानभरपाई मागता येते. गाडी कोणत्या वर्षी घेतली ते कागद हाताशी ठेवून तिथल्याच वकिलाशी बोला.

अपडेट करायचं असेल तर या क्रमानं

आपल्याकडे हे अपडेट ऐच्छिक आहे आणि कंपनीनं ते मोफत जाहीर केलं होतं. आमचं मत : इंजिन निरोगी असेल आणि गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची असेल, तर करून घ्या, पण ईजीआर तपासल्याशिवाय नको. नवं सॉफ्टवेअर नॉक्स कमी करायला ईजीआर आणि इंजेक्शनलाच कामाला लावतं. आधीच काजळीनं अर्धा बुजलेला व्हॉल्व्ह तो भार घेत नाही, मग अडकतो, आणि खापर अपडेटवर फुटतं.

आधी नोंदी करा. टँक काठोकाठ भरा, नोझल आपोआप बंद झाल्यावर दर वेळी सारखंच थांबा, किमान ३५० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. असे तीन टँक. डॅशबोर्डवर दिसणारं अ‍ॅव्हरेज धरू नका. पिकअपसाठी एक ठरावीक चढ निवडा, कात्रजच्या जुन्या घाटातला एखादा तुकडा चालेल : दुसरा गिअर, १,५०० आरपीएम, एसी बंद, तेवढीच माणसं. गाडी कुठे ओढायला लागते ते टिपून ठेवा.

मग स्कॅनर लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरचा पार्ट नंबर, सॉफ्टवेअरचा चार आकडी व्हर्जन आणि साठलेले बिघाडाचे कोड यांचा फोटो घ्या. पी०४०१ किंवा पी०४०३ दिसलं, तर ईजीआर आधीच आजारी आहे. गाडी चालताना कॉइलचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि जोर अचानक जातो, हेही बहुधा याच घराण्यातलं दुखणं असतं.

ईजीआर साफ करताना व्हॉल्व्ह पूर्ण काढावा लागतो. नुसता स्प्रे मारून काही होत नाही, कारण आतला थर कोरडा नसतो. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ आणि काजळी मिळून डांबरासारखा चिकट लगदा बनतो, आणि शहरात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो सर्वांत जास्त. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरनं खरवडायला लागला तर थांबवा, झडपेची बसण्याची कडा खराब होते. क्लीनर मोटारच्या बाजूला जाऊ देऊ नका. गॅस्केट नवं. जुनंच बसवलं की आठवड्याभरात धूर गळतो आणि रेस दिल्यावर शिट्टी ऐकू येते. बसवल्यावर स्कॅनरनं 'बेसिक सेटिंग' करावी लागते, म्हणजे व्हॉल्व्हच्या हालचालीची हद्द कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावी लागते. ती राहिली तर साफ व्हॉल्व्हसुद्धा कोड देतो. त्याच वेळी ईजीआर कूलर बघून घ्या. बाहेर कुठे थेंब नाही, तरी कूलंट दर महिन्याला उतरतंय, असं असेल तर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अपडेटच्या दिवशी बॅटरी चांगली हवी. सॉफ्टवेअर भरताना व्होल्टेज पडलं तर इंजिनाचा कॉम्प्युटरच निकामी होऊ शकतो, म्हणून चार्जर लावूनच काम करायला सांगा. गाडीला आधी बाहेरून रिमॅप (जोर वाढवायला बदललेलं सॉफ्टवेअर) केलेला असेल तर ते लपवू नका : एकतर तो पुसला जाईल, नाहीतर काम मध्येच अडेल. युरोपात १.२ आणि २ लिटरला फक्त सॉफ्टवेअर होतं, १.६ लिटरला हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी प्लॅस्टिकची एक जाळीदार नळीही बसवली. तुमच्या गाडीत नेमकं काय केलं, ते जॉब कार्डावर लिहून घ्या आणि निघण्याआधी सॉफ्टवेअरचा नवा व्हर्जन टिपा. आकडा बदललाच नसेल तर अपडेटही झालेलं नाही.

नंतर पुन्हा तीन टँक, तोच चढ. अ‍ॅव्हरेजमधला ५ टक्क्यांच्या आतला फरक हवामान, ट्रॅफिक, टायरची हवा यांतच हरवतो, त्यावर भांडू नका. त्याहून जास्त घसरलं किंवा खालच्या आरपीएमला गाडी अडखळायला लागली, तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जोडून लेखी तक्रार करा.

ईजीआर 'ब्लँक' करून, म्हणजे पत्रा लावून बंद करून देतो, असं गॅरेजवाले सुचवतात. पिकअप सुधारल्यासारखं वाटतं हे खरं, पण मूळ घोटाळ्यात जे सॉफ्टवेअर चोरून करत होतं तेच तुम्ही पत्र्याच्या तुकड्यानं करताय. बेकायदा फेरफाराला कलम १८२अ नुसार ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

ठेवायची की विकायची

हे घोटाळ्यावर ठरत नाही, आरसीवरच्या तारखेवर ठरतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०११ ची गाडी २०२६ मध्ये तिथे पोचते. नूतनीकरणासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी, चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा आणि आरटीओत प्रत्यक्ष तपासणी. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. केंद्राची फी कारला ५,००० रुपये, त्यावर राज्याचा पर्यावरण कर. मिळतात पाच वर्षं.

यात टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील, इंजेक्टर या तिघांचा खर्च मिळवा. तिघांपैकी दोन कामं डोक्यावर असतील आणि वर्षाला ८-१० हजार किलोमीटरही होत नसतील, तर नूतनीकरणाच्या आधी विका. उलट ही कामं झालेली असतील आणि महिन्याला दोन-तीन वेळा कोकण किंवा नागपूर होत असेल, तर याच पैशात एवढी दणकट गाडी दुसरी मिळणार नाही. विकताना रिकॉलचं जॉब कार्ड दाखवा, आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० नुसते सही करून देऊ नका. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमचीच.

दिल्लीची स्वस्त डिझेल दिसली की भुलू नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश आले, नियम मागेपुढे होत राहिले, म्हणून गाड्या इकडे वळतात. फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा रस्ता कर आधी आरटीओच्या पोर्टलवर काढून बघा. वाचलेले पैसे बऱ्याचदा तिथेच जातात.

कुठलीही असो, थंड इंजिन सुरू होताना कसं वागतं ते बघायचं असतं, म्हणून बघायला जाताना मालकाला आदल्या रात्री सांगा की सकाळी गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घेऊन निघा, आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जा.