तीन किलोची दादागिरी

यॉर्कशायर टेरियर ही कुत्र्याची छोटी जात म्हणजे मांडीवरचं खेळणं, असं मला वाटायचं. चिंगी घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं सोफ्याखालचा मोजा तोंडात धरून असा गदागदा हलवला, की काय सांगू! ही उंदीर मारायची रीत. 19व्या शतकात इंग्लंडच्या कापड गिरण्यांत या कुत्र्यांना उंदरांसाठीच पाळत. मोठ्या कुत्र्यावर धावून जाणं रक्तातलंच आहे. ती भुंकली की उचलून लाड करू नका, भुंकणं वाढतंच. बेल वाजली की मी तिला चटईवर बसवते; गप्प राहिली तरच खाऊ.

फिरवताना गळपट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. या जातीत श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की हंसासारखा खोकला येतो.

खरी मेहनत केसांची. ते माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. कानामागे आणि काखेत गाठी होतात, म्हणून रोज पाणी फवारून आधी टोकं विंचरा, मग हळूहळू मुळाकडे सरका. मी एकदा घाईत मुळापासून कंगवा ओढला, तर बाईसाहेब दोन दिवस पलंगाखाली! लांब केस झेपत नसतील तर सरळ बारीक कापा, प्रदर्शनात थोडीच न्यायचंय?

पिल्लू सहा-सात महिन्यांचं झाल्यावर दुहेरी सुळे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. दुधाचे दात अडकून राहतात. दात रोज घासा, पण माणसांची पेस्ट नको. आणि पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर पटकन उतरते. दिवसातून 3-4 वेळा थोडंथोडं द्या.