एचडीपीईचा जॉइंट रातोरात का सुटतो? हीटर प्लेटवरच्या या चुका टाळा

विहिरीपासून शेतापर्यंत एचडीपीईची (जाड प्लास्टिक पाइपची) लाईन टाकली, मोटर चालू केली आणि सकाळी चरात तळं साचलं, की पहिली शिवी पाइपला बसते. "माल हलका दिला राव!" मीही सुरुवातीला हेच म्हणायचो. मग एकदा चरात उतरून सुटलेलं टोक हातात घेतलं. कडा सपाट आणि गुळगुळीत, बोट फिरवलं तरी कुठे अडकेना. पाइप स्वतः फाटला असता तर प्लास्टिक ताणलं गेलं असतं, कडेला चिंध्या लोंबल्या असत्या. इथे दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून चिकटली होती, एकजीव झालीच नव्हती. आणि तो जॉइंट माझ्याच हातचा होता.

याला थंड जॉइंट म्हणतात. नाव ऐकून वाटतं की तापवायला कमी पडलं असेल. म्हणून पोरं प्लेट (टोकं वितळवायची गरम तबकडी) २६० अंशांवर नेतात. हा आकडा बहुधा नळकामातल्या पीपीआर (घरातल्या नळाचा प्लास्टिक पाइप) मशीनवरून आलेला असतो. तिथे तो बरोबर आहे. एचडीपीईच्या बट जॉइंटला (वितळलेली टोकं समोरासमोर दाबून केलेला जोड) साधारण २०० ते २२० अंश पुरतात. त्याच्या फार वर गेलात तर प्लास्टिकला धूर सुटतो, ते प्लेटला तारा काढत चिकटतं आणि वरचा थर करपतो.

खरा घोळ जोर लावण्यात होतो. टोकं प्लेटला लावल्यावर सुरुवातीला दाब द्यायचा, तो गोल कडेभर बारीक बीड (जिल्हा नव्हे, वितळलेल्या प्लास्टिकची वळी) उठेपर्यंतच. साधारण ६ मिमी जाडीच्या (म्हणजे पाइपच्या भिंतीची जाडी) पाइपला १ मिमीची वळी उठली की दाब जवळपास शून्यावर आणायचा. टोकं प्लेटला फक्त टेकलेली राहू द्यायची आणि उष्णता आत मुरू द्यायची. किती वेळ? जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे १० सेकंद, म्हणजे ६ मिमीला मिनिटभर. या मिनिटात मशीनचा दांडा रेटत राहिलात तर वितळलेला माल बाहेर ढकलला जातो. वळी जाडजूड होते, मालक खूश होतो, पण जोडणीच्या जागी उरतं ते अर्धवट गरम प्लास्टिक.

प्लेट काढून टोकं जुळवतानाही तेच. हिशेब करून बघा: ११० मिमी व्यासाचा, ६ मिमी जाडीचा पाइप घेतला तर कडेचं क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मिमी भरतं. दर चौरस मिमीला ०.१५ न्यूटन दाब धरला तर एकूण जोर होतो जेमतेम ३० किलोंचा. पाइप नुसता सरकवायला लागणारा जोर त्यावर वेगळा मिळवायचा, कारण पलीकडे शंभर फूट पाइप मातीत घासत येत असतो. तो आधी, प्लेट न लावता, सरकवून बघायचा. पाइपखाली दोन-चार गोल लाकडं टाकली तर निम्मा त्रास जातो. पण दांड्याला दोन माणसं लोंबकळायची गरज कुठेच नाही.

प्लेट काढल्यापासून टोकं भिडेपर्यंत या जाडीला ५-६ सेकंद मिळतात. त्यात कोणी "थांब, जरा फडकं दे" म्हणालं की जॉइंट गेला. वितळलेल्या तोंडावर तेवढ्यात साय धरते. वाऱ्याच्या दिवशी आणखी लवकर. म्हणून पाइपचं दूरचं टोक गोणपाटाने बंद करा, नाहीतर पाइप धुरांड्यासारखा वारा खेचतो.

रंधा मारल्यावर, म्हणजे टोक तासून सपाट केल्यावर, त्याला हात लावायचा नाही. घामाचा, तेलाचा ठसा पुरे होतो. हात लागलाच तर पुन्हा रंधा मारा. पेट्रोल-डिझेलने पुसणं तर अजिबात नको. टोकं जुळवल्यावर एका बाजूची कड दुसरीपेक्षा जाडीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त वर राहत असेल तर क्लॅम्प सैल करून पाइप फिरवा. गुंडाळीचा पाइप अंडाकृती झालेला असतो, तिथे हे हमखास लागतं.

जनरेटरवर काम असेल तर मशीनच्या डिस्प्लेवरच्या तापमानावर विसंबू नका. दोन-चार ठिकाणी टेकवायच्या थर्मामीटरने प्लेट मोजा. लांबून मारायची लेझर गन चकचकीत प्लेटवर फसवते.

राहिली घाई. ६ मिमीच्या जॉइंटला क्लॅम्पमध्ये, दाब तसाच ठेवून, दहा-बारा मिनिटं द्यावी लागतात, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वर कळशीभर पाणी ओतलं की बाहेरून कडक होतो, आत ताण राहतो. तो ताण रात्री बाहेर पडतो. एचडीपीई दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.२ मिमी आकसतो. १०० मीटर लाईन दुपारपेक्षा २० अंशांनी थंड झाली तर ती ४० सेंमी आखडायला बघते. सगळी ओढ जॉइंटवर. म्हणून थंड जॉइंट नेमका पहाटे सुटतो. पाइप चरात थोडा नागमोडी टाका आणि माती थंड वेळेला लोटा.

सुटलेला जॉइंट पुन्हा तापवून चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी कापा आणि नव्याने करा. काम सुरू करण्याआधी त्याच पाइपच्या तुकड्यांवर एक जॉइंट करून, पूर्ण गार झाल्यावर त्यातून उभी पट्टी कापा आणि वाकवा. जोडावर उघडली तर त्या दिवशी चराकडे जायचंच नाही, आधी मशीन बघायचं.