बायकांना कंपनीत लावण्याआधीची तयारी, आणि पहिल्या पगाराची तारीख

२३ जून २०२५, सोमवार. आदल्या दिवशीच पालख्या पुण्यातून पुढे गेल्या होत्या. त्या सकाळी जनता वसाहतीतल्या अकरा जणींना आम्ही भोसरीच्या एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला लावलं. बहुतेक जणी घर एकट्याने ओढणाऱ्या. कुणाला संजय गांधी निराधारचे पैसे, कुणाला लाडकी बहीणचे, आणि सगळ्यांच्या घरी रेशनचं धान्य. सहा महिने कंपनीच्या मागे लागून त्या जागा मिळाल्या होत्या. ७ ऑगस्टला पहिला पगार झाला तेव्हा अकरातल्या चौघी उरल्या होत्या. काम झेपत नव्हतं असं नाही, सुपरवायझरही चांगला होता. बहुतेकींच्या घरातले पैसे संपले होते, एवढंच. आणि ते संपणार हे मला २३ जूनच्या आधी कळायला हवं होतं.

म्हणून ही यादी. वस्तीतल्या लोकांना कंपन्यांशी जोडून देणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. जे सगळ्यांना ठाऊक आहे त्यावर वेळ घालवत नाही.

कागदपत्रं: आधार, पॅन, पासबुक, फोटो, शाळा सोडल्याचा दाखला. झालं. फक्त नावं जुळवून बघा, अक्षर न् अक्षर. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी, हे दहापैकी सहा जणींचं असतं. पीएफचं खातं त्यामुळे अडतं, आणि एकदा अडलं की पुढचे सहा महिने कुणी बघत नाही. हे जॉइनिंगच्या आधी महिनाभर करायचं काम आहे, आदल्या रात्रीचं नाही.

आता कंपनीशी बोलणं. एचआरच्या माणसाशी बोलून समाधान मानू नका. करारावर सही एचआर करतो, पण बाईला रोज भेटतो तो लाईनचा सुपरवायझर, आणि तिचा पगार काढतो तो कॉन्ट्रॅक्टर. तिघांना एका खोलीत बसवा. नाहीच जमलं तर तिघांकडे तीन वेळा जा. काम कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नोकरीत, आहे की कॉन्ट्रॅक्टवर, हातात किती पडणार, गणवेशाचे आणि बुटांचे पैसे कापणार का, बायकांचं संडास मजल्यावर आहे की आवाराच्या टोकाला, हे सगळं विचारा. आणि मग विचारा: हजेरीचा कटऑफ, म्हणजे पगारासाठी महिन्याची हजेरी बंद करायचा दिवस, कोणत्या तारखेला? पगार कोणत्या तारखेला? हे दोन प्रश्न मी विचारले नव्हते. मी "पगार सात तारखेला" एवढं ऐकलं आणि वहीत लिहिलं.

झालं ते असं. कॉन्ट्रॅक्टरची हजेरी २१ ते २० अशी चालायची. २० जूनला एक महिना बंद झाला, आम्ही २३ ला लावलं. म्हणजे ७ जुलैला त्यांच्या नावावर काहीच नाही, कारण तो पगार २० जूनपर्यंतच्या हजेरीचा. त्यांचा पहिला पगार थेट ७ ऑगस्टला. पंचेचाळीस दिवस! पगाराचा महिना संपल्यावर सात दिवसांत पैसे द्यायला हवेत असं कायदा सांगतो, हे मला तोंडपाठ होतं. पण त्यांचा महिना कुठून कुठवर मोजतात हे मी विचारलंच नाही. एक आठवडा आधी, १६ जूनला लावलं असतं, तर ७ जुलैला पाच दिवसांचे का होईना पैसे हातात पडले असते. आम्ही थांबलो ते पालखीमुळे रस्ते बंद असतील म्हणून. पहिले दोन-तीन दिवस उशीर झाला असता, कंपनीला आधी सांगितलं असतं तर चाललंही असतं.

तर जॉइनिंगची तारीख कंपनीच्या सोयीने किंवा आपल्या कार्यक्रमाच्या सोयीने ठरवू नका. कटऑफ विचारा आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी लावा. पहिला पगार लहान येईल, पण लवकर येईल. लवकर आलेले अडीच हजार उशिरा आलेल्या बारा हजारांपेक्षा जास्त बायकांना कामावर टिकवतात, हे मी आता डोळ्यांनी बघितलं आहे.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण आपल्यासारख्या महिन्याच्या पगारावर वाढलेल्या लोकांना ते पटकन कळत नाही. धुणंभांड्याच्या कामात पैसे कमी, पण मुलाला ताप आला तर "ताई, पाचशे द्या, पगारात कापा" असं म्हणता येतं. चार घरं असली तर चार ठिकाणी म्हणता येतं. बिगारी कामात संध्याकाळी रोख मिळते. कंपनीत गेल्यावर हे सगळं एका दिवसात बंद होतं आणि उचल मागायला समोर माणूसच राहत नाही. वर तो जून महिना. १६ तारखेला शाळा उघडल्या होत्या, वह्या, दप्तर, रिक्षावाल्या काकांचे पैसे. एकीने तिसऱ्या आठवड्यात जोडवी गहाण टाकली आणि मला कळू दिलं नाही. दुसरीने वस्तीतून शेकडा दहाने पैसे घेतले. मी फोन करून विचारत होते, "काम आवडतंय ना?" ती "हो ताई" म्हणायची. मी चुकीचा प्रश्न विचारत होते. विचारायला हवं होतं, "आज घरात किती पैसे आहेत?"

म्हणून प्रत्येकीबरोबर तिच्या घरी बसून हिशेब करा. जॉइनिंगपासून पहिल्या पगारापर्यंत दिवस किती, आणि त्या दिवसांत लागणार काय काय: भाडं, गॅस, किराणा, शाळा, प्रवास. प्रवास वेगळा मोजा. जून २०२५ पासून पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, दिवसाचा पास ७० रुपये झाला. सव्वीस दिवसांचे १,८२०. महिन्याचा पास १,५०० ला, म्हणजे स्वस्त, पण तो एकरकमी घ्यावा लागतो, आणि एकरकमी १,५०० तिच्याकडे नसतात म्हणूनच ती रोज ७० देत राहते. तो पहिला पास संस्थेने काढून द्यावा. देणगीदाराला बॅनर आणि फुलांचा खर्च दाखवता येतो तर हाही दाखवता येतो.

उरलेलं खिंडार बुजवायचे तीन मार्ग आहेत, तिन्ही आधीच लावून ठेवा. पहिला, कंपनीकडून पहिल्या महिन्यापुरती आठवड्याची उचल. हे दया म्हणून मागू नका. सुपरवायझरला विचारा की नवीन बाई महिन्याच्या आत सोडून गेली तर लाईनवर काय होतं. तो स्वतःच सांगेल किती त्रास होतो ते. मग म्हणा, आठवड्याला हजार रुपये उचल द्या, हजेरीच्या मागे आम्ही लागतो. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल. त्याच्याकडून लेखी घ्या, तोंडी "बघू" चालणार नाही. दुसरा, बचत गटातून कर्ज, आणि परतफेड पहिल्या पगारानंतर सुरू. तिसरा, घरकामाची सगळी घरं एका दिवसात सोडायची नाहीत. दोन महिने जावेला किंवा शेजारणीला बदली द्यायची, म्हणजे कंपनीत नाहीच जमलं तर परत यायला जागा राहते. आमच्या अकरा जणींनी मोठ्या आनंदाने घरं सोडली होती. त्यांना थांबवायला हवं होतं. मीच त्यांना सांगत होते, "आता कुणाची भांडी घासायची गरज नाही." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

कटऑफ कधी, पगार कधी, उचल किती. हे तीन आकडे प्रत्येकीच्या मोबाईलवर, तिला वाचता येईल अशा अक्षरात पाठवा. वाचता येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करून पाठवा.

पुढचं, सरकारी योजनांचं. यात खोटं बोलू नका, गोड बोलू नका. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महिना बारा हजारांची नोकरी लागली की दोन महिन्यांत ती ओलांडली. शहरात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनला मर्यादा वर्षाला ५९,०००. तीही ओलांडली जाते. लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाख, त्यामुळे एकटीच्या पगाराने ते १,५०० जात नाहीत, पण घरात दुसरा कमावता असेल तर बेरीज करून बघा. नोकरी घेतल्यावर काय जाणार आणि काय राहणार हे तिला आधी कळलं पाहिजे. दोन महिन्यांनी नोकरी सुटली आणि निराधारची पेन्शनही गेली तर तिचं आधीपेक्षा वाईट होतं, मग ती पुन्हा आपल्यावर विश्वास का ठेवेल? निर्णय तिचा. काही जणी कागद बघून "नको" म्हणतील. त्यांना भित्र्या समजू नका. विधवा बाईने दोन वर्षं तहसील कार्यालयाच्या चकरा मारून मिळवलेले ते पैसे असतात.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट, कुणी सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टर पगारासाठी नवीन बँकेत खातं उघडायला लावतो आणि तिथे आधार जोडलं जातं. योजनेचे पैसे सगळ्यात अलीकडे ज्या खात्याला आधार जोडलं त्या खात्यात जातात. बाई जुन्या खात्यात बघते, पैसे नाहीत, आणि म्हणते कंपनीत गेल्यामुळे लाडकी बहीण बंद झालं. आमच्यातल्या एकीने याच गैरसमजातून काम सोडलं. पैसे नव्या खात्यात पडून होते. तेव्हा पैसे कोणत्या खात्यात येणार हेही तारखेबरोबर सांगा.

घरातलं वेळापत्रक. कामाची पाळी सातची असेल तर जनता वसाहतीतून भोसरीला साडेपाचच्या आत निघावं लागतं. त्या वेळी नळाला पाणी येत असेल तर पाणी कोण भरणार? हा किरकोळ प्रश्न नाही, यावरून घरात भांडणं होतात. स्वारगेटहून मेट्रो आहे, पण ती सहाला सुरू होते आणि नाशिक फाट्याला उतरून एमआयडीसीपर्यंत पुन्हा बस किंवा शेअर रिक्षा करावी लागते. एकदा तुम्ही स्वतः त्या वेळी तो प्रवास करून बघा. आणि सुट्टीचा वार विचारा. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. शाळेला सुट्टी रविवारी. म्हणजे रविवारी मुलं घरी आणि आई कामावर, दर आठवड्याला. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर हवं असं २०१७ पासून कायद्यात आहे. कागदावर आहे का ते नका विचारू, खोली दाखवा म्हणा.

किती जणींना एकदम न्यायचं? तीन-चार. त्यातल्या एकमेकींना ओळखणाऱ्या दोघी तरी असाव्यात, म्हणजे पहाटे एकत्र निघता येतं. अकरा नेऊ नका. अकरा जणींचा हिशेब मांडून बसायला आपल्याकडे माणसं नसतात, म्हणून तो मांडलाच जात नाही, आणि फोटो मात्र छान येतो.

मुलाखतीची तयारी, कपडे, बोलणं: हे सगळे घेतात, घ्या.

लागल्यानंतर. पहिल्या आठवड्यात रोज फोन, मग आठवड्याला. तब्येतीचं विचारा, पैशांचंही विचारा. खाडा झाला तर सुपरवायझरने काढून टाकण्याआधी आपल्याला फोन करायचा, हे आधी ठरवून घ्या. पहिल्या पगाराच्या दिवशी पगाराची पावती तिच्याबरोबर बसून वाचा. पीएफ १२ टक्के, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का, इथवर ठीक. व्यवसाय कर कापला असेल तर थांबवा. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, तरी कापतात. ईएसआयचं कार्ड मागून घ्या. बिबवेवाडीला आणि चिंचवडला मोहननगरला त्यांची रुग्णालयं आहेत, ती दाखवून आणा. गणपती, दिवाळी, मे महिन्यातलं गावाला जाणं, या सुट्ट्या आधी मागायला शिकवा. तिसऱ्या महिन्यानंतर फोन कमी केले तरी चालतात.

सोडून गेलेल्या सात जणींकडे मी जाऊन आले. दोघींनी पुन्हा यायची तयारी दाखवली आहे.

पुढची बॅच चौघींची. कंपनी दुसरी, कॉन्ट्रॅक्टर दुसरा. कटऑफ २५ तारखेला, पगार ७ ला, जॉइनिंग १६ ला धरलं आहे. उचलीचं पत्र कॉन्ट्रॅक्टरने अजून दिलेलं नाही. ते हातात येईपर्यंत मी कुणालाही घरकाम सोडायला सांगितलेलं नाही.