थिसिसमधले आकडे कुठे फसतात? डग ऑल्टमन यांनी दाखवलेल्या या चुका टाळा

"मास्टर चार्ट भरून झालाय, आता फक्त पी व्हॅल्यू काढून द्या," असं म्हणत थिसिस जमा करायच्या आदल्या महिन्यात संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं ही पहिली चूक. (मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता; पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.) बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातल्या. तोवर रुग्ण निवडून झालेले असतात, गट पडलेले असतात, मोजमापं घेऊन झालेली असतात. सॉफ्टवेअर यातलं काहीच बदलू शकत नाही. संख्याशास्त्रज्ञाकडे जायचं ते सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) एथिक्स कमिटीपुढे ठेवण्याआधी.

वैद्यकीय संशोधनातल्या या चुकांमागे ज्यांनी आयुष्यभर चिकाटीने पिच्छा पुरवला, त्यांत डग्लस ऑल्टमन (१९४८–२०१८) यांचं नाव आधी घ्यावं लागतं. बाथ विद्यापीठातून संख्याशास्त्राची पदवी, लंडनच्या सेंट थॉमस मेडिकल स्कूलमध्ये पहिली नोकरी, आणि १९९५ पासून ऑक्सफर्डच्या सेंटर फॉर स्टॅटिस्टिक्स इन मेडिसिनचे संस्थापक संचालक. १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की संशोधन कमी झालं तरी चालेल, पण ते चांगलं आणि योग्य कारणासाठी केलेलं हवं. क्लिनिकल ट्रायल कशी मांडावी याची कॉन्सॉर्ट नियमावली (१९९६, मग २००१ आणि २०१० च्या आवृत्त्या) आणि अशा नियमावल्या एकत्र आणणारं, २००८ साली सुरू झालेलं इक्वेटर नेटवर्क या दोन्हींत त्यांचा मोठा वाटा. आज जर्नलवाले पेपरसोबत चेकलिस्ट मागतात, ती इथून आली. गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी) किंवा शेजारच्या दंत महाविद्यालयातल्या रेसिडेंटला हा माणूस माहीत असो वा नसो, त्याचे नियम पाळावेच लागतात.

सॅम्पल साइजमधले ६० आले कुठून?

सॅम्पल साइज, म्हणजे अभ्यासाला किती रुग्ण लागतील, ते काढायचं आपल्याकडचं लाडकं सूत्र म्हणजे ४पीक्यू भागिले एल वर्ग: पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० उणे पी, एल म्हणजे चालेल इतकी चूक. हे सूत्र एकाच गटातलं प्रमाण मोजण्यासाठी आहे. उदाहरणार्थ, फोंडा तालुक्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेह किती. दोन उपचारांची तुलना करायला ते चालत नाही, तरी सर्रास वापरलं जातं. योग्य जागी वापरलं तरी 'एल' कसा धरला हे लिहायचं राहतं. पी २० टक्के धरला आणि एल हा निव्वळ ५ टक्के धरला, तर ४ × २० × ८० भागिले २५, म्हणजे २५६ जण लागतात. एल हा पी च्या २० टक्के, म्हणजे ४, धरला तर तेच उत्तर ४०० होतं. दोन्ही चालतील, पण कुठला धरला ते सिनॉप्सिसमध्ये हवं. वर्षभरात ६० रुग्ण मिळतील म्हणून एल फुगवून ६० वर आणणं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं, कारण उलटं गणित करायला अर्धं मिनिट पुरतं.

दोन गटांच्या तुलनेसाठी पी दोन लागतात. जुन्या उपचारात गुंतागुंत ३० टक्के आणि नव्यात ती १५ टक्क्यांवर यावी अशी अपेक्षा असेल, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात (७.८४ हा आकडा या दोन टक्क्यांवरूनच येतो):

७.८४ × (०.३० × ०.७० + ०.१५ × ०.८५) ÷ (०.१५)² = ११७.६, म्हणजे ११८ रुग्ण.

यातले १० टक्के फॉलोअपला येणार नाहीत असं धरलं, तर ११८ ला १.१ ने गुणायचं नाही, ०.९ ने भागायचं. उत्तर १३० नसून १३२ येतं. फरक दोघांचाच, पण पद्धत चुकीची ती चुकीचीच. सरासरीची तुलना असेल तर पटकन अंदाजासाठी १६ × (एसडी ÷ फरक)² वापरा. एसडी म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. रक्तदाबाची एसडी १५ आणि पकडायचा फरक १० मिमी असेल तर प्रत्येक गटात ३६. फरक ५ मिमी असेल तर १४४. फरक निम्मा केला की रुग्ण चौपट लागतात. हे गाइडला आधीच दाखवलं तर विषय बदलायला वेळ मिळतो, आणि कित्येकदा विषय बदलणंच शहाणपणाचं असतं.

सम-विषम केस पेपर म्हणजे रँडम नव्हे

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेली स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरची ट्रायल १९४८ साली प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण होते: ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. त्याआधी एकाआड एक रुग्ण वाटण्याची पद्धत होती. हिल यांना खुपत होतं ते हे, की पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधी कळतं. गंभीर रुग्ण आला की नकळत त्याला 'उद्या या' म्हटलं जातं. म्हणून त्यांनी रँडम आकड्यांवरून वाटप ठरवलं आणि ते बंद लिफाफ्यांत ठेवलं.

सम-विषम नंबर, सोमवार-बुधवारची ओपीडी, एक युनिट विरुद्ध दुसरं युनिट, या सगळ्यांत तोच दोष आहे. उपाय स्वस्त आहे. यादी संगणकावर अशा माणसाने बनवावी, जो रुग्ण भरती करत नाही. ब्लॉक (ठरावीक संख्येचे संच, ज्यांत दोन्ही गटांचे रुग्ण सारखेच असतात) वापरत असाल तर ४ आणि ६ चे मिसळून वापरा आणि वॉर्डात कुणाला सांगू नका. सगळे ब्लॉक ४ चेच असले तर तिघांचं वाटप पाहून चौथ्याचं ओळखता येतं. लिफाफे अपारदर्शक घ्या, आत फॉइलचा तुकडा घाला, बाहेर अनुक्रमांक टाका, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करा. रुग्णाची संमती झाल्यावर आणि त्याचं नाव लिफाफ्यावर लिहिल्यावरच तो उघडायचा. उरलेले लिफाफे फेकू नका, ते तपासणीत मागतात.

ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सची भारतीय नोंदवही) नोंदणी पहिल्या रुग्णाआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे स्वीकारत नाहीत, आणि नोंदणी नसली की पेपर अडतो.

कोरिलेशन ०.९८, म्हणून ग्लुकोमीटर बरोबर?

ऑल्टमन यांचं सर्वांत गाजलेलं काम इथलं. मार्टिन ब्लँड यांच्यासोबत त्यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये दाखवलं की दोन मोजपद्धती जुळतात का, हे कोरिलेशनने (दोन आकडे किती एकत्र वाढतात-घटतात याचं माप, जास्तीत जास्त १) कळतच नाही. ग्लुकोमीटर प्रत्येक वेळी प्रयोगशाळेपेक्षा ४० जास्त दाखवत असेल तरी कोरिलेशन १ च्या जवळ येईल. शिवाय ७० ते ४०० अशा लांबरुंद पट्ट्यातले रुग्ण घेतले की आकडा आपोआप फुगतो. पेअर्ड टी टेस्टही (जोड्यांतला सरासरी फरक तपासणारी चाचणी) कामाची नाही, कारण अर्ध्या वेळा ३० जास्त आणि अर्ध्या वेळा ३० कमी दाखवणारं यंत्र तिच्यातून सुखरूप सुटतं.

करायचं ते असं. प्रत्येक रुग्णाची दोन्ही मोजमापं एकाच वेळच्या नमुन्याची घ्या. दोन्हींची सरासरी आडव्या अक्षावर, फरक उभ्या अक्षावर मांडा. फरकांची सरासरी काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी मोजा. समजा सरासरी फरक ८ आणि एसडी १२ आली, तर मर्यादा उणे १५.५ ते अधिक ३१.५. म्हणजे सुमारे ९५ टक्के रुग्णांत यंत्राचा फरक या टप्प्यात राहील. हे चालेल का, याचं उत्तर पी व्हॅल्यू देत नाही. ते डॉक्टरने द्यायचं, तेही डेटा पाहण्याआधी. 'अधिक-उणे १५ पर्यंत चालेल' असं प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा.

यात तीन ठिकाणी घोळ होतो. एक, जोड्या कमी घेतल्या तर मर्यादाच डळमळीत असतात. वरच्या उदाहरणात १०० जोड्यांवर प्रत्येक मर्यादा सुमारे ४ ने इकडेतिकडे होऊ शकते, ३० जोड्यांवर सुमारे ७ ते ८ ने. दोन, साखर वाढली की फरकही वाढत असेल, तर ठिपके उजवीकडे पंख्यासारखे पसरतात. मग आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन तोच आलेख काढा आणि उत्तर गुणोत्तरात सांगा. तीन, एकाच रुग्णाची पाच मोजमापं पाच रुग्ण म्हणून मोजली जातात. हीच चूक नेत्रविभागात ४० रुग्णांचे ८० डोळे म्हणून दिसते, आणि दंत महाविद्यालयात दातांच्या संख्येत. दोन डोळे एकाच माणसाचे आहेत हे विश्लेषणाला सांगावं लागतं. ते जमत नसेल तर प्रत्येकाचा एकच डोळा घ्या, आणि कुठला घ्यायचा हे आधी ठरवा.

'फरक नाही' असं लिहिण्याआधी

३० पैकी ६ रुग्णांत जंतुसंसर्ग जुन्या उपचाराच्या गटात, ३० पैकी ३ नव्याच्या गटात. पी व्हॅल्यू ०.०५ हून जास्त, म्हणून निष्कर्ष: 'दोन्ही उपचार सारखेच'. आता फरकाची ९५ टक्के मर्यादा (खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो) पाहा: उणे ८ ते अधिक २८ टक्के. नवा उपचार थोडा वाईटही असू शकतो आणि खूप चांगलाही. या अभ्यासाला काहीच कळलेलं नाही, आणि तसंच लिहावं. ब्लँड आणि ऑल्टमन १९९५ सालीच हे सांगून गेले आहेत.

उलट बाजूला, वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर खरा फरक शून्य असतानाही निदान एक 'सिग्निफिकंट' (पी व्हॅल्यू ०.०५ हून कमी) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य आउटकम (मोजायचा परिणाम) एकच ठेवा.

रँडम वाटप केलेल्या ट्रायलच्या पहिल्या तक्त्यात वय-लिंगासमोर पी व्हॅल्यू टाकू नका. वाटप खरंच रँडम असेल तर तिथला फरक योगायोगाचाच असणार, मग तपासायचं काय? गाइडने आग्रह धरला तर कॉन्सॉर्ट २०१० पुढे ठेवा. वाद संपेलच असं नाही.

रुग्णालयातला मुक्काम '५ ± ६ दिवस' लिहिणंही थांबवा. उणे दिवस कुणी राहत नाही. शून्याखाली न जाणाऱ्या मोजमापात एसडी सरासरीच्या निम्म्याहून मोठी आली की वितरण एकीकडे झुकलेलं समजा, आणि मीडियन (मधला आकडा) व आयक्यूआर (मधल्या निम्म्या रुग्णांचा पट्टा) द्या. वयाचे '४० च्या वर-खाली' असे दोन तुकडे करण्याचीही गरज नाही. मधोमध तोडलं तर एक तृतीयांश रुग्ण फेकून दिल्याइतकी ताकद जाते.

मास्टर चार्ट

इथल्या चुका साध्या, पण आठवडे खातात. एका फाइलमध्ये साष्टी, सालसेत आणि सासष्टी ही एकाच तालुक्याची नावं तीन तालुके होतात, म्हणून गोव्याच्या बारा तालुक्यांना कोड द्या आणि ड्रॉपडाउन लावा. तारखेत दिवस आणि महिना उलटतात, तेव्हा महिना अक्षरात लिहा. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवा. तिथे ९९ टाकला तर सरासरी वय वाढतं, ० टाकला तर हिमोग्लोबिन कोसळतं. एका रकान्यात एकच गोष्ट: रक्तदाब '१३०/८०' हे दोन रकाने आहेत. दहा टक्के नोंदी दुसऱ्याकडून मूळ केस पेपरशी ताडून घ्या. मूळ फाइल कुलूपबंद ठेवून कॉपीवर काम करा, आणि रुग्णाचं नाव त्या कॉपीत नको.

पत्त्याचा रकाना मात्र नीट भरा. बांबोळीला सावंतवाडी-दोडामार्गहून आणि कारवारहूनही रुग्ण येतात, शिवाय पर्यटक. 'गोव्यात या आजाराचं प्रमाण' असं शीर्षक देऊन हे सगळे अंशात मोजले आणि छेदात फक्त गोव्याची लोकसंख्या घेतली, तर दर उगाच वाढतो. राहण्याचं ठिकाण आणि तिथे किती काळ राहतात, असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून हवेत. बोटीवर नोकरीला असलेले रुग्ण सहा-आठ महिने गायब होतात, तेव्हा भरतीच्या वेळीच घरच्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर संमतीने घ्या. तरीही न आलेल्यांना यादीतून पुसू नका. ज्या गटात त्यांचं वाटप झालं होतं त्याच गटात त्यांची गणना होते, आणि किती जण कुठल्या टप्प्यावर गळाले हे कॉन्सॉर्टच्या आकृतीत कारणासकट दाखवायचं असतं.