बंद केलेली गोळी मेडिकलमध्येही बंद व्हावी म्हणून

आमच्या क्लिनिकमधून प्रिस्क्रिप्शन थेट मेडिकलच्या कॉम्प्युटरवर जायचं. पण डॉक्टरांनी एखादी गोळी बंद केली, की ती फक्त आमच्या नोंदीत बंद व्हायची. तिकडे जुनं रिफिल, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध घ्यायची मुभा, शिल्लक असेल तर पेशंटला ती मिळतच राहायची. रक्त पातळ करणारं औषध बदललं आणि जुनं-नवं दोन्ही घरी पोचलं, तर रक्तस्रावाचा धोका. हे मला फार खटकत होतं.

सॉफ्टवेअरमध्ये रद्दचा संदेश पाठवायची सोय होती, सेटिंग बंद होतं. ते सुरू केलं. मग फार्मासिस्टना फोन लावून विचारलं, ‘संदेश तुम्हाला कुठे दिसतो?’ तो वेगळ्याच यादीत पडत होता आणि ती यादी कोणी उघडतच नव्हतं! त्यांनी ती रोजच्या कामात घेतली. माझ्या मते खरं काम या फोननेच झालं.

आता ‘रद्द केलं’ किंवा ‘आधीच दिलं’ असं उत्तर येतं. ‘आधीच दिलं’ आलं की नर्स लगेच पेशंटला फोन करते.

मेथोट्रेक्सेट या औषधासाठीही एक अट घालून घेतली. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घेतात, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे वार आणि आजार लिहिल्याशिवाय ते प्रिस्क्रिप्शन पुढे जातच नाही.