बॅरलचं काम कुणाकडे द्यायचं: सोलापूरच्या नव्या पिस्तूल नेमबाजांसाठी

सोलापुरात लेथवर हात बसलेला माणूस शोधायला वेळ लागत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारे टर्नर आहेत, आणि इथं घडलेले कॅमशाफ्ट परदेशात जातात. त्यामुळे पॉइंट टू-टू (.२२) पिस्तुलाचा ग्रुप फाटायला लागला, म्हणजे एका जागी पडणाऱ्या गोळ्या विखरायला लागल्या, की पहिला सल्ला ठरलेला: "अमक्या मास्तरांकडं टाक, तासाभरात लेथवर बॅरलचं तोंड सपाट करून देतील." मास्तरांचा हात कितीही बारीक असू दे, हा सल्ला कानाआड करायचा.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे फ्रेम, मॅगझिन, ग्रिप सगळं घरी ठेवून नुसती नळी, म्हणजे बॅरल, रुमालात गुंडाळून नेली, तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही शस्त्रच नेलंत. कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर, चाचणी यांतलं काहीही व्यवसाय म्हणून करायला परवाना लागतो. नळी आखूड करायला कलम ६ वेगळं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या दोन्हींच्या उल्लंघनाला किमान सात वर्षं कैद आहे, कमाल जन्मठेप. देणाराही मोकळा राहत नाही. समोरचा माणूस अधिकृत आहे की नाही याची खातरजमा न करता शस्त्र त्याच्या ताब्यात देणं, हा कलम २९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

यावर नवी मुलं पळवाटा काढतात, आणि त्या सगळ्या तेवढ्याच पोकळ असतात. "फक्त पॉलिश करायचंय." पॉलिशसाठीही नळी ताब्यात द्यावीच लागते. "ओळखीतले आहेत, कुठं नोंद होणार?" नोंद झाली नाही, हीच तर अडचण आहे. उद्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासायला मागितलं आणि नळीवरचा नंबर खरादात अर्धा उडालेला निघाला, तर काय सांगणार? ओळख क्रमांक पुसणं किंवा बदलणं कलम ८ खाली येतं. तिथं हेतू चांगला होता म्हणून कुणी सोडून देत नाही.

कायदा घटकाभर बाजूला ठेवा. काम म्हणूनही ते बिघडतं. टर्नर नळी लेथच्या पकडीत (चकमध्ये) धरतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर मापाची डायल लावून ती सरळ करतो. पण नळीचं आतलं भोक बाहेरच्या गोलाईशी अगदी मधोमध असेलच असं नाही. क्राउन, म्हणजे तोंडाची कडा, आतल्या भोकाच्या अक्षाशी काटकोनात हवी. बाहेरून सरळ दिसणारी कडा आतून किंचित तिरकी राहिली, की गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि प्रत्येक गोळीला धक्का देतो. जाणकार गनस्मिथ, म्हणजे शस्त्रदुरुस्तीचा कारागीर, भोकात घट्ट बसणारी दांडी (पायलट) घालतो किंवा थेट आतल्या पृष्ठभागावर डायल लावतो. पहिल्या भेटीत एवढा एकच प्रश्न विचारा: "नळी कशावरून सेंटर करता?" उत्तर "बाहेरून" आलं, तर चहा घेऊन उठा.

आता घाबरून जाऊ नका. बहुतेक वेळा नळीला काही झालेलंच नसतं.

आधी गोळ्या बघा. पॉइंट टू-टूत एकाच ब्रँडच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये (उत्पादनाच्या खेपांमध्ये) जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डबीवरचा लॉट नंबर लिहून ठेवा. २५ मीटरवर सँडबॅगचा टेकू घेऊन प्रत्येक लॉटचे पाच-पाच गोळ्यांचे किमान पाच ग्रुप मारा. लॉट बदलला की पहिल्या दहाएक गोळ्या धरू नका. नळीत नव्या गोळीचं मेण बसायला तेवढ्या लागतात. एका ग्रुपवरून निष्कर्ष काढणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मेडल घेतलेला असो. ग्रुप मोजताना बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर घेऊन त्यातून ५.६ मिमी वजा करा. २५ मीटर प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं. टेकूवर ग्रुप त्याच्या बऱ्यापैकी आत बसत असेल, तर दोष नळीत नाही, मनगटात आणि ट्रिगरवरच्या बोटात आहे. मे महिन्यात गोळ्यांची डबी गाडीच्या डिकीत राहिली असेल तर ती सरावाला वापरा. सोलापूरच्या बेचाळीस अंशांत गोळीवरचं मेण मऊ पडतं आणि चाचणीचे आकडे खोटे येतात.

मग सफाई. चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, पुढे शिशाचा आणि कार्बनचा थर साचतो, तो निघाला की पुष्कळदा ग्रुप परत जुळतो. शक्य असेल तिथं सफाईचा रॉड मागून घाला, किंवा दोरीवाला पुलर वापरा. तोंडाकडून रॉड घासून क्राउन खाल्लेली पिस्तुलं रेंजवर ढिगानं सापडतील. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी आतून बाहेर हलकेच फिरवा. एकाच जागी धागा अडकत असेल तर तिथं बुरी, म्हणजे धातूची बारीक उचललेली कड, आहे. हे खरं गनस्मिथचं काम. शेवटी साइटचे (नेम धरायच्या खुणांचे) आणि नळीचे स्क्रू बघा. कंपनीनं दिलेल्या टॉर्कवरच कसा, अंदाजानं पिळू नका.

एवढं करूनही ग्रुप फाटतोय? मग नियमांची मापं पाठ करून माणूस शोधा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर पिस्तुलाला नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, आणि ती चेंबर धरून, मागच्या टोकापासून (ब्रीचपासून) तोंडापर्यंत मोजतात. साइट रेडियस, म्हणजे पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर, २२० मिमीपर्यंत, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, पॉइंट टू-टूचा ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. धक्का कमी करण्यासाठी तोंडाला लावलेले कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक किंवा भोकं पाडलेली नळी चालत नाही. इंटरनेटवर दिसणारं निम्मं 'कस्टम बॅरल' दुसऱ्याच खेळासाठी असतं. ते बघून पैसे घालवलेत तर स्पर्धेआधी शस्त्र तपासतात त्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावरच अडाल. नळीखाली वजनं लावायची असली तरी ती या १४०० ग्रॅममध्ये आणि त्याच पेटीत मावली पाहिजेत.

माणूस शोधायची जागा दुकानांच्या यादीत नाही, स्पर्धेत आहे. बालेवाडीला किंवा वरळीच्या रेंजवर राज्य स्पर्धा असेल तेव्हा इक्विपमेंट कंट्रोलजवळ थांबा आणि तुमच्याच मेकचं पिस्तूल घेऊन आलेल्यांना विचारा. पार्डिनी कंपनीच्या पिस्तुलाचं काम उत्तम करणारा वॉल्थर कंपनीच्या पिस्तुलात चाचपडू शकतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कंपन्यांचे स्वतःचे तंत्रज्ञ बसतात. सुटी नळी परदेशातून मागवायची तर आयात परवाना लागतो, ते काम नेमबाजी फेडरेशनच्या वाटेनंच करा. कोचनं सुचवलेला गनस्मिथ चांगला असू शकतो, पण कोच स्वतःच पैसे गोळा करून "मी करून आणतो" म्हणत असेल तर मला ते पटत नाही. तुमच्या पिस्तुलाला काय केलं, हे तुम्हाला कारागिराच्या तोंडून कळलं पाहिजे.

गनस्मिथचा परवाना मागायला लाजू नका. त्यात 'दुरुस्ती' लिहिलेली आहे का, मुदत संपली आहे का, पत्ता त्याच दुकानाचा आहे का, तिन्ही बघा. खरा माणूस रागावत नाही, उलट आधी तुमचाच परवाना मागतो. पिस्तूल ठेवताना पावती घ्या: मेक, कॅलिबर, नंबर, तारीख, काय करायचं आणि काय करायचं नाही. "ट्रिगरला हात लावू नये" हे शब्द लिहूनच घ्या. हौशी कारागीर न सांगता तोही हलका करून देतात आणि मग तपासणीत ट्रिगरला टांगलेलं १००० ग्रॅमचं वजन उचललं जात नाही. देण्याआधी वजन, ट्रिगर, नंबरचे फोटो आणि टेकूवरचे ग्रुप जपून ठेवा. जुना ग्रुप नसेल तर सुधारणा झाली की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही.

पिस्तूल स्वतः घेऊन जा. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्यानं दुरुस्तीसाठी नेण्याची सवलत कलम ३ मध्ये आहे, पण ते पत्र आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्या बिचाऱ्याला पोलीस ठाण्यातच रात्र काढावी लागेल. कुरिअर तर अजिबात नको. पुण्याला जाताना परवाना राज्यभर वैध आहे का ते आधी बघा. शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा. पिस्तूल क्लबचं असेल, तर हा सगळा निर्णय क्लबचा आहे, तुमचा नाही.

दहा मीटरवाल्यांची, म्हणजे एअर पिस्तूलवाल्यांची, वाट सोपी. ०.१७७ बोअर आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेचं पिस्तूल सहा जूलच्या आसपासच असतं. तरी नळीला हात लावू नका. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा हेड साइझचे (डोक्याच्या मिमीतल्या व्यासाचे) पेलेट, म्हणजे छर्रे, मागवून आधी तेच तपासा. सील, रेग्युलेटर आणि सिलिंडरची मुदत नळीच्या कितीतरी आधी त्रास देतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पात्रता फेरीत अडलं तेही नळीमुळे नव्हे, कॉकिंग लिव्हर (पिस्तूल ताणून सज्ज करायचा दांडा) तुटल्यामुळे. ग्रिपचं लाकूड मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं, त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडे वर्षातून एकदा जाणं फायद्याचं.

काम होऊन पिस्तूल हातात आलं की त्याच दिवशी स्पर्धेला नेऊ नका. आधी नंबर ताडून बघा, मग वजन आणि ट्रिगर. त्यानंतर जुन्याच लॉटच्या गोळ्यांनी तेच पाच ग्रुप मारा. तो लॉट संपणार असेल, तर काम द्यायच्या आधीच दोन-तीन डब्या बाजूला ठेवलेल्या बऱ्या.