पूर्ण एक मिनिट: नर्सिंगचं शिक्षण आणि नोकरीची पहिली वर्षं

प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच महिन्यात मी सहा रुग्णांच्या चार्टवर श्वासाचा आकडा लिहिला: २०. सहाही जणांचा २०. नाडी नीट मोजली होती, ताप घेतला होता, बीपी दोनदा तपासलं होतं. श्वास मात्र लांबून बघून अंदाजाने टाकला होता. आमच्या ट्यूटर मॅडमनी चार्ट वाचला, रागावल्या नाहीत, मला पहिल्या खाटेपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "मनगट धर. नाडी मोजून झाली तरी हात सोडू नकोस. आता छातीकडे बघ. पूर्ण एक मिनिट."

हात का सोडायचा नाही, ते तेव्हा कळलं. आपला श्वास कोणी मोजतंय हे समजलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. नाडीच मोजणं चालू आहे असं त्याला वाटलं, तर खरा आकडा मिळतो. घड्याळाकडे बघत उभं राहिलं की तो एक मिनिट फार लांब वाटतो. त्या दिवशी मोजलेले आकडे मला अजून आठवतात: १४, १८, १६, २२, १७ आणि शेवटच्या खाटेवर २६. मोठ्या माणसाचा शांत असतानाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. म्हणजे २६ वाल्या बाईंना त्रास होत होता आणि मी त्यांना कागदावर बरं करून टाकलं होतं. मॅडमनी इंचार्ज सिस्टरना लगेच बोलावलं. मग मला सगळ्या चुकीच्या नोंदींवर एकेक आडवी रेघ मारायला लावली, खाडाखोड न करता. शेजारी खरा आकडा, वेळ आणि सही.

नर्सिंगला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. या कामात आपण रुग्णाजवळ सर्वात जास्त वेळ असतो. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात; बदल होतो तेव्हा बहुधा आपणच तिथे असतो. तो बदल आपण पाहिला नाही, तर दुसरं कोणी वेळेत पाहील याची खात्री नसते. आधुनिक नर्सिंगची सुरुवातही मोजण्यातूनच झाली आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरत होते, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडे मांडून दाखवलं आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा सुरू झाली. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढीच त्यांची ओळख शिल्लक राहिली, याचं मला वाईट वाटतं.

आता अभ्यासाबद्दल. शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय पहिल्या वर्षी डोक्यावरून जातात. पाठांतराने पेपर निघतो, वॉर्डात ते पाठांतर उपयोगी पडत नाही. मी एक साधी सवय लावून घेतली होती. प्रत्येक आजार वाचताना स्वतःला विचारायचं, हे झालं तर खाटेवरचा माणूस मला कसा दिसेल? हृदयाची डावी बाजू थकली की रक्त मागे फुप्फुसांकडे साचतं. म्हणून आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणून तो माणूस रात्री उठून बसतो. उजवी बाजू थकली की पायांवर सूज येते. एवढं समजलं की "झोपताना उशा किती घेता?" हा प्रश्न आपोआप तोंडात येतो. गेल्या महिन्यात एक उशी लागायची आणि आता तीन लागतात, हे उत्तर फार काही सांगून जातं.

गणिताची भीती असेल तर ती पहिल्याच वर्षी घालवा. गणित अवघड नाही, पण रात्री तीन वाजता थकलेल्या डोक्याने करावं लागतं. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, म्हणजे तासाला १२५ मिली. सलाईनच्या नळीच्या सेटमधून २० थेंबांना १ मिली जात असेल तर १२५ गुणिले २० भागिले ६०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांना १ मिली होतो, त्यामुळे तिथे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच असतो. दशांश लिहिताना आधी शून्य लिहायचंच, ०.५ असं, नुसता टिंब आणि पाच लिहिलं, टिंब पुसट झालं, तर डोस दहापट. उलट ५ लिहायचे असतील तर पुढे टिंब-शून्य लावायचं नाही, कारण ते ५० वाचलं जाऊ शकतं. इन्सुलिन फक्त इन्सुलिनच्याच, आणि कुपीच्याच मापाच्या सिरिंजने घ्यायचं. कुपीत एका मिलीला ४० किंवा १०० युनिट असतात, म्हणजे साध्या सिरिंजवरची एक बारीक रेघ चुकली तरी किती फरक पडेल बघा. आणि तीव्र पोटॅशियम क्लोराइड कधीही सरळ शिरेत ढकलायचं नाही. त्याने हृदय थांबतं. एवढं एक वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं.

परीक्षा, केअर प्लॅन, केस प्रेझेंटेशन या सगळ्यातून सगळेच जातात, त्यावर मी फार लिहीत नाही. केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या काळजीची आखणी, मैत्रिणीच्या वहीतून उतरवू नका एवढंच, कारण पुढे नोकरीत तो डोक्यात, चालता चालता करावा लागतो.

स्पंजिंगबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. नवीन मुलामुलींना ते खालच्या दर्जाचं काम वाटतं, किंवा त्याची लाज वाटते. मलाही पहिल्यांदा अनोळखी माणसाचं अंग पुसताना हात थरथरले होते. एक आजोबा होते, लकवा झालेले, बोलता येत नव्हतं. मी पडदा ओढला आणि घाईघाईने सगळे कपडे एकदम काढले. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. माझ्यासोबतच्या सीनियर सिस्टरने काही न बोलता चादर परत त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली, एक हात बाहेर काढला, तो पुसला, कोरडा केला, झाकला. मग दुसरा. प्रत्येक वेळी आधी सांगत होती, "आजोबा, आता पाठ पुसते हं, कुशीवर वळवते." पाणी गार झालं तसं बदललं. आजोबांनी डोळे कधी उघडले ते मला कळलंही नाही.

आणि कुशीवर वळवल्यावर तिने मला माकडहाडावरची लालसर जागा दाखवली. बोटाने दाबून सोडलं. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर आतल्या मांसाला इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर हा लालपणा नीट दिसत नाही, तिथे ऊब, कडकपणा, दुखणं हाताने चाचपावं लागतं. टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनच्या नळीखालचे कान. बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, असाच सापडतो, अंग पुसताना. पाणी आणि टॉवेल घेऊन आपण रुग्णाची पूर्ण तपासणी करत असतो, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

पहिला मृत्यूही प्रशिक्षणातच बघाल. त्याची तयारी कोणी करून देऊ शकत नाही. मला आधार झाला तो त्याच सिस्टरचा. शरीर स्वच्छ करतानाही ती त्या गेलेल्या बाईंशी बोलत होती, "आता हात सरळ करते हं." मी आजही तसंच करते. त्या दिवशी रडू आलं तर रडा. पण कोणाशी तरी बोला, मनात ठेवून घरी जाऊ नका.

शिक्षण संपल्यावर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि मग नोकरी. पहिले सहा महिने कठीण जातात. कॉलेजात एका रुग्णाची काळजी तीन जण मिळून घेत होतो. आता अचानक अख्खी रांग आपली. दोन सलाईनं संपत आलेली, एकाला ऑपरेशनला पाठवायचं, एका नातेवाइकाचा आवाज चढलेला आणि फोन वाजतोय. आपल्याला काहीच येत नाही, असं रोज वाटतं. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९८४ मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यात तिसऱ्या पायरीवर, म्हणजे कामाचा आवाका येऊन नियोजन जमू लागण्यावर, माणूस एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर पोहोचतो. आणि अनुभवी नर्सही नव्या विभागात गेली की पुन्हा पहिल्या पायरीवर येते. हे मला कोणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या.

याच काळात माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन काका होते. सकाळच्या औषधांच्या वेळी मी रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेऊन गेले आणि विचारलं, "तुम्ही अमुक काका ना?" त्यांनी अर्धवट झोपेत मान हलवली. स्पिरिटचा कापूस हातात असताना मनगटावरच्या पट्टीकडे लक्ष गेलं. नंबर दुसराच होता. त्या काकांचं आदल्या दिवशी ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांचं ते औषध मुद्दाम थांबवून ठेवलं होतं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच योग्य मी परीक्षेत न चुकता लिहिले होते. चूक माझ्या प्रश्नात होती. झोपेतला, घाबरलेला किंवा ऐकू कमी येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांना सांगू द्यायचं: "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." मग पट्टी. मी ते इंचार्जना जाऊन सांगितलं, नोंद केली. इजा झाली नाही म्हणून लपवू नका. तशीच चूक उद्या दुसऱ्या शिफ्टला होऊ शकते.

चौथ्या महिन्यातली एक नाइट ड्यूटी. पोटाच्या ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशीच्या एक काकू. ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, सांगितलं होतं, "स्टेबल आहेत." बीपी ठीक, ऑक्सिजन ९५, ताप थोडासा. पण काकू वेगळ्या वाटत होत्या, गप्प, चादर चिमटीत धरून. मी मनगट धरलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. २८. पुन्हा मोजलं. २८. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या धोक्याच्या गुणांकनात २५ किंवा त्याहून जास्त श्वासाला एकट्यालाच ३ गुण, म्हणजे त्या रकान्यातले सर्वाधिक, आहेत. शरीर बिघडू लागलं की पुष्कळदा आधी श्वास वाढतो, बीपी नंतर पडतं.

फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "बीपी बरं आहे ना? बघू सकाळी." मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. दोन मिनिटं तशीच उभी राहिले आणि पुन्हा लावला. या वेळी कॉलेजात शिकवलेला क्रम धरला: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवंय. "सर, ऑपरेशनचा तिसरा दिवस. श्वास संध्याकाळी १८ होता, आता २८, दोनदा मोजलाय. नाडी ११८, ताप आहे, लघवी चार तासांत फार कमी. मला जंतुसंसर्ग पसरल्याची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं." ते आले. पहाटेच्या आत काकूंना आयसीयूत हलवलं. आठवड्याने त्या वॉर्डात परत आल्या.

पहिल्या फोनवर मी "बरं वाटत नाहीये त्यांना" एवढंच बोलले होते. दुसऱ्या फोनवर आकडे आणि मागणी होती. नवख्यांनी फोन लावण्याआधी चार्ट हातात घ्यावा, कागदावर चार ओळी लिहाव्यात. आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा फोन करावा, इंचार्जना उठवावं. कोणी चिडलं तर चिडू द्या.

स्वतःच्या शरीराकडेही बघा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचली तर जागा दाबून पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही रोखणारी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. हिपॅटायटिस बीची लस वॉर्डात पाऊल टाकण्याआधी घेतलेली असावी. रुग्णाला उचलताना एकटीने, एकट्याने जोर लावू नका. पाठ गेलेल्या नर्सेस मी चाळिशीच्या आत पाहिल्या आहेत.

विभाग निवडायची वेळ आली तर माझं मत असं की पहिलं एक-दीड वर्ष जनरल मेडिसिन किंवा सर्जरीच्या वॉर्डात काढावं. आयसीयूचं आकर्षण सगळ्यांना असतं. पण मॉनिटर नसताना माणूस बघायची सवय जनरल वॉर्डातच लागते.

पहिल्या ड्यूटीला जाताना खिशात दोन पेनं, एक छोटी वही ठेवा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ मनगटावर नको, छातीशी उलटं अडकवायचं घ्या. हात कोपरापर्यंत नीट धुता येतात. पोहोचल्यावर आधी इंचार्जना विचारा, इमर्जन्सी ट्रॉली कुठे आहे. मग तिचे सगळे खण स्वतः उघडून बघा, कुठल्या खणात काय आहे ते वहीत उतरवून घ्या. त्यानंतर ओव्हर घ्यायला जा. ओव्हर खाटेपाशी उभं राहून घ्या आणि ऐकताना प्रत्येकाच्या छातीकडे बघत राहा.